सहा ओळींचं कार्ड

"उतरव, आणि कार्ड लगेच परत दे," शैलाक्का म्हणाली. "आणि अक्षर जरा बरं काढ. पुढच्या वर्षी तुझी वही कुणाला तरी वाचायची आहे."

मी उंच स्टुलावर चढून बसले, कोऱ्या वहीचं पहिलं पान उघडलं आणि उतरवायला लागले. सहा ओळी होत्या. सहाच होत्या हे मी आजही शपथेवर सांगते, कारण पुढचे आठ महिने मी त्या सहा ओळी आरतीसारख्या तोंडपाठ म्हणत काम केलं.

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात ही पद्धतच होती. सरांना काही विचारायला जायचं नाही. कुराडे सर मोठा माणूस. लॅबमध्ये त्यांचा पाय वर्षातून दोनदा लागायचा, एकदा खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायला आणि एकदा कुणी पाहुणे आले तर. शिकायचं ते आपल्या वरच्या मुलीकडून. वरची आपल्या सगळ्या पद्धती कार्डांवर लिहून ठेवायची, खालची त्या स्वतःच्या हातानं वहीत उतरवून घ्यायची आणि कार्ड परत करायची. झेरॉक्स चालायची नाही. हातानं लिहिलं की डोक्यात बसतं, असं म्हणायचे. कार्डं तरी कसली, तर लग्नपत्रिका. विभागात पत्रिकांचा नुसता ढीग पडायचा. त्यांची जाड कोरी बाजू आम्ही लिहायला घ्यायचो, छापील बाजूकडं कुणी ढुंकून बघायचं नाही.

मी सारिका गावडे, तेव्हा वय तेवीस, चंदगड तालुक्यातली. वडील एस.टी.त कंडक्टर. त्यांनी मला फेब्रुवारीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर विद्यापीठात पगारी जागा मिळाली तर पीएच.डी., नाहीतर मुकाट्यानं बी.एड.चा फॉर्म. जागा निघणार होती, पण एकच. सरांचा तीन वर्षांचा प्रकल्प येणार होता आणि त्यासाठी एकच वनस्पती निवडायची होती. माझं करवंद आणि अक्काची मुरुडशेंग. जिची वनस्पती, तिची जागा.

"म्हणजे आपण दोघी एकमेकींच्या विरुद्ध?" मी पहिल्याच आठवड्यात अक्काला विचारलं होतं.

"विरुद्ध कसली गं," ती म्हणाली. "झाडं विरुद्ध. आपण दोघी एका डब्यातलं खाणाऱ्या."

आणि ते खरं होतं. आम्ही एकाच खोलीत भाड्यानं राहायचो. शैलजा शिंत्रे, गडहिंग्लजची, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी. आठ वर्षं पीएच.डी. चाललेली. नवरा गावाकडं, आणि त्याचं एकच टुमणं, की आता पुरे, घरी ये. ऑक्टोबरात मला कावीळ झाली तेव्हा या बाईनं महिनाभर मला मूग-भात करून घातला. माझी आई दोन दिवस येऊन गेली, अक्का महिनाभर होती. आई जाताना तिच्या पाया पडायला वाकली, इतकं.

आता काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वनस्पतीच्या अर्कात अँटिऑक्सिडंट ताकद किती, ते मोजायचं. एक पावडर असते, ती मिथेनॉलमध्ये विरघळली की गर्द जांभळं पाणी होतं. त्यात आपला अर्क घालायचा, नळी चंदेरी कागदात गुंडाळून अर्धा तास अंधाऱ्या कपाटात ठेवायची. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उडतो. मग नळीतलं पाणी यंत्रात घालायचं, रंग किती उरला ते यंत्र आकड्यात सांगतं. जेवढा रंग उडाला तेवढे टक्के तुमच्या झाडाचे. एवढंच. शाळेतल्या पोरालाही जमेल.

मे महिन्यात मी स्वतः आमच्या डोंगरात हिंडून करवंदं काढली होती, हात ओरबाडून घेतले होते. वाळवली, दळली, अर्क काढला. अर्क असा लालभडक निघाला की बघत राहावं. आणि जुलैत पहिला आकडा आला, अडतीस टक्के.

"अडतीस?" मी यंत्राकडं बघतच राहिले. "अक्का, अगं करवंदाला अडतीस कसे येतील? आमच्याकडं पोरं पोटभर खातात ती."

"पोटभर खातात म्हणून आकडा वाढतो होय?"

"पण नळी बघ ना. जांभळं पार गेलंय. लाल दिसतंय फक्त."

अक्कानं नळी घेतली, खिडकीकडं धरली आणि बराच वेळ बघितली. मग परत माझ्या हातात दिली.

"डोळ्यावर जाऊ नकोस," ती म्हणाली. "डोळा फसतो. आकड्यावर विश्वास ठेवायचा. परत कर, हात बसेल."

मी परत केलं. परत अडतीस. मग चाळीस, मग सदतीस. नवी पावडर आणली, नळ्या उकळून धुतल्या, मिथेनॉल बदललं. अक्काची मुरुडशेंग बासष्टावर ठाण मांडून बसलेली आणि माझं करवंद काही चाळिशी ओलांडेना. रोज संध्याकाळी मी रडकुंडीला आलेली, आणि रोज अक्का मला चहाला खाली घेऊन जायची.

"असू दे गं," म्हणायची. "प्रत्येक झाडात असतंच असं नाही. तू तर कष्टात कुठं कमी पडली नाहीस."

मला त्या बोलण्याचा किती आधार वाटायचा म्हणून सांगू.

डिसेंबरात आमच्या विभागातले शिपाई जोतीरामकाका यांच्या पूनमचं लग्न झालं. आम्ही दोघी एकसारख्या मोरपंखी साड्या नेसून गेलो. काकांनी आमचा दोघींचा फोटो काढायला लावला आणि म्हणाले, या माझ्या आणखी दोन लेकी. अक्कानं माझ्या केसांत गजरा माळला. तो फोटो माझ्याकडं अजून आहे. फाडायला घेतला होता एकदा, पण काकांचा विचार आला.

मग फेब्रुवारी आला आणि निवडीची बैठक लागली.

बैठक म्हणजे कुराडे सर आणि बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या एक मॅडम. पिकलेले केस, गळ्यात दोरीला चष्मा, आवाज मऊ. आम्हाला दोघींना वह्या आणि नळ्या घेऊन बोलावलं होतं. आधी अक्का बोलली. आठ वर्षांचा सराव, छान बोलली. मग मी उठले. करवंदाबद्दल सांगितलं, आकडे सांगितले, अडतीस टक्के म्हणताना माझा आवाज खाली गेला.

मॅडमनी माझी नळी उचलली. चष्मा लावला, नळी उजेडात धरली.

"अर्क बराच लाल आहे," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"मग रंगाचं ब्लँक लावलंस ना?"

मला प्रश्नच कळला नाही. मी वहीकडं बघितलं, मग अक्काकडं. ती फायलीची पानं उलटत होती.

"म्हणजे काय, मॅडम?"

सरांनी मान वर केली. मॅडम मात्र शांतपणे समजावत होत्या, एखाद्या आत्यानं समजवावं तसं. "अगं, यंत्राला जांभळं आणि लाल यात फरक कळत नाही. तुझं जांभळं उडालं तरी करवंदाचा लाल रंग मागं राहतो, आणि यंत्र म्हणतं रंग उरलाय. म्हणून एक वेगळी नळी ठेवायची. नुसता अर्क आणि मिथेनॉल, जांभळी पावडर नाही. तिचा आकडा वजा करायचा. रंगीत अर्क असला की हे पहिलं काम."

माझे कान गरम झाले. आठ महिने. मी आठ महिने माझ्याच करवंदाचा लाल रंग मोजून त्याच्याच विरोधात लिहीत बसले होते.

"पण कार्डावर हे नव्हतं," मी म्हणाले. "मॅडम, मला जे कार्ड दिलं होतं त्यावर ही ओळ नव्हती."

"कुणाचं कार्ड?" सरांनी विचारलं.

मी अक्काकडं बघितलं. मनात आलं, आता ती म्हणेल, चुकलं सर, माझ्याकडून लिहायचं राहिलं. माणूस विसरतं. मी त्या क्षणी तिला माफ करून मोकळीसुद्धा झाले होते.

"माझं कार्ड, सर," अक्का म्हणाली. "पण मी तिला सांगितलं होतं. कार्डावर आहे ते."

तिनं पर्समधून रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा काढला, त्यातलं एक कार्ड ओढलं आणि मॅडमच्या पुढं ठेवलं. मॅडमनी वाचलं.

"ओळ पाचवी. रंगीत अर्कास वेगळे ब्लँक लावावे, आकडा वजा करावा." त्यांनी माझ्याकडं बघितलं, वाईट वाटून. "सात ओळी आहेत बाळ. तुझ्या वहीत सहा."

"हेच कार्ड दिलं होतंस?" सरांनी अक्काला विचारलं.

"हेच, सर. माझ्याकडं दुसरं नाही. जूनमध्ये यावरूनच उतरवलंय तिनं."

"मग ओळ गाळलीस तू," सर मला म्हणाले. "उतरवताना."

मला क्षणभर वाटलं, खरंच गाळली असेल. अक्का खोटं बोलेल यापेक्षा मी आंधळी असेन हे मला सोपं वाटलं. मॅडमनी कार्ड माझ्या हातात दिलं. अक्षर अक्काचंच, गोल गोल, पाचवी ओळ जिथल्या तिथं. शाई सगळी सारखी. मी वेड्यासारखी ते कार्ड मागनं-पुढनं फिरवून बघायला लागले.

मागच्या बाजूला गणपती होता. खाली नाव होतं, चि. सौ. कां. पूनम. श्री. जोतीराम यांची कन्या. विवाह मुहूर्त, डिसेंबर.

जूनमध्ये ही पत्रिका छापलेलीसुद्धा नव्हती.

मी सांगितलं ना, छापील बाजूकडं आमच्यात कुणी बघायचं नाही. अक्कानंही बघितलं नव्हतं. बैठकीआधी ढिगातली वरची पत्रिका उचलली आणि सात ओळींचं नवं कार्ड लिहून टाकलं. मी मान वर केली तेव्हा ती माझ्याकडंच बघत होती. माझ्या हातातल्या पत्रिकेवरचा गणपती तिला समोरून दिसत होता, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

एक वाक्य बोलायचं होतं. बोलले असते तर अक्का त्याच दिवशी संपली असती. जागा तर जाऊ द्या, पीएच.डी.सुद्धा गेली असती, आणि नवरा दारात हसत उभा राहिला असता. हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात येऊन गेलं. कावीळ आठवली. मूग-भात आठवला. वाटलं, ती स्वतःच बोलेल. तिच्या तोंडून येऊ दे, माझ्या तोंडून नको.

ती बोलली नाही. मी कार्ड मॅडमना परत दिलं.

"तिला आत्ता परत करून दाखवू दे का?" मॅडम सरांना म्हणाल्या. "दहा मिनिटांचं काम आहे."

"आकड्याचा प्रश्न नाही, मॅडम," सर म्हणाले. "जी मुलगी आठ महिने रंगाचं ब्लँक लावत नाही, तिच्या हातात तीन वर्षं कशी देऊ मी?"

मॅडमनी ते कार्ड माझ्या वहीच्या झेरॉक्सला टाचणी लावून जोडलं आणि फाईल सरांच्या टेबलावर ठेवली. वनस्पती ठरली, मुरुडशेंग.

मी सरळ लॅबमध्ये आले आणि नुसता अर्क मिथेनॉलमध्ये घातला. जांभळी पावडर नाही. यंत्रात नळी ठेवली, आकडा घेतला, सकाळच्या आकड्यातून वजा केला, कागदावर टक्के काढले. मग दुसऱ्यांदा काढले, कारण माझा विश्वास बसेना. मागं पावलं वाजली. अक्का आत आली होती.

मी वळले नाही. "माहीत आहे किती आले?" म्हणाले.

"एक्क्याऐंशी," ती म्हणाली.

कागद माझ्या हाताखाली होता. तिला दिसणं शक्यच नव्हतं.

"तुला कसं कळलं?"

"ऑगस्टमध्ये काढून बघितले होते. तू गणपतीला गावी गेली होतीस तेव्हा."

मी स्टुलावर बसले. जूनमध्ये तिनं एक ओळ लपवली होती, तिथवर मी कशीबशी पोचले होते. पण ऑगस्टनंतर? ऑगस्टपासून रोज तिनं मला अडतीस, चाळीस, सदतीस करत बघितलं होतं. रडताना बघितलं होतं. चहाला नेलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते मला तोवर नुसतं ऐकून माहीत होतं.

"कावीळ झाली तेव्हाही तुला ठाऊक होतं," मी म्हणाले.

"हो."

"मला भरवत होतीस तेव्हा?"

"ते खरं होतं गं," ती म्हणाली आणि पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "ते नाटक नव्हतं. देवाशप्पथ. दोन्ही खरं होतं."

"दोन्ही खरं कसं असेल, अक्का?"

ती समोरच्या स्टुलावर बसली. हात मांडीवर, बोटं एकमेकांत अडकवलेली. "जूनमध्ये तू पिशवीभर करवंद घेऊन आलीस," ती म्हणाली. "तो रंग बघितला आणि मला तिथंच कळलं की ही जिंकणार. मी आठ वर्षं इथं आहे. तुझं काय, तू तेवीसची. आज नाहीतर उद्या, इथं नाहीतर तिथं, तुला मिळेल. मला ही शेवटची होती. त्या घरात मी परत नाही जाऊ शकत, सारिका. तुला नाही कळायचं तिथं काय आहे ते."

"मग मला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं?"

"की तू सोड म्हणून. मला सोड म्हणाली असतीस तर मी सोडलं असतं."

खिडकीखाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होईना. अक्का तिकडं बघत राहिली.

"भीक मागायची होती होय मी तुझ्यापाशी?" शेवटी म्हणाली.

तिला माझ्याकडून मागून घ्यायची लाज वाटत होती, आणि चोरून घ्यायची वाटत नव्हती. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. हेच तोंड रोज सकाळी माझ्या शेजारच्या गादीवर असायचं.

"मी सरांकडं जाते," मी उठले. "त्यांना एवढंच सांगते की कार्ड उलटून बघा. फाईल टेबलावरच आहे."

मला वाटलं, ती हात धरेल. पाया पडेल. रडेल तरी.

"जा," अक्का म्हणाली. "सर केबिनमध्येच आहेत. मॅडमची गाडी यायची आहे अजून." मग पदरानं डोळे पुसले आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "कार्ड उलटलंस तेव्हा मी म्हटलं, झालं, आटोपला कारभार. पण मग तुझं तोंड बघितलं. तू नाही बोलणार. तू तशी नाहीस गं."

हे तिनं कौतुकानं म्हटलं. मला आजवर मिळालेल्या शिव्यांमध्ये त्या कौतुकाइतकी लागलेली एकही नाही.

मी पिशवी घेतली आणि बाहेर पडले. जिन्याकडं जाताना सरांची केबिन मध्येच लागते. दार उघडं होतं. सर आणि मॅडम चहा घेत होते. फाईल टेबलाच्या कडेला होती, टाचणीला लावलेलं कार्ड त्यातून बोटभर बाहेर आलेलं. मी दारात थांबले. सांगायचं ते सगळं वाक्य जुळून तोंडात तयार होतं.

"काय गं गावडे," सर म्हणाले. "काही राहिलं का?"

मॅडमनीही कप खाली ठेवला. त्या थांबल्या होत्या, खरंच थांबल्या होत्या. मी बोलले असते तर त्यांनी ऐकलं असतं, हे मला आज सोळा वर्षांनी आजऱ्याच्या शाळेत फळ्याकडं तोंड करून उभी असतानाही मध्येच आठवतं.

"नाही सर," मी म्हणाले.

पुढं आले. जिन्याच्या वरच्या पायरीवर पाय ठेवला आणि राहवलं नाही म्हणून मागं वळून बघितलं. लांबलचक व्हरांडा, टोकाला आमची लॅब, दार सताड उघडं. दारात कुणी नव्हतं. मी आत जाऊन काय सांगते हे बघायला दारापर्यंत यायचीसुद्धा अक्काला गरज वाटली नव्हती. आतून नळाचा आवाज येत होता. ती माझ्या नळ्या धूत होती.